गोल्फचं मैदान, पण ना बॉल ना काठी: जुन्या गोल्फ कोर्सवर डिस्क गोल्फ कसं खेळतात

गोल्फ कोर्स बंद पडला आणि तिथं आता डिस्क गोल्फ सुरू झालं अशी बातमी अधूनमधून येते, सोबत व्हिडिओ असतो, त्यात हिरवंगार मैदान, मधेच एक लोखंडी खांब, त्याला साखळ्या लोंबतायत आणि चार जण लांबून त्यात ताटलीसारखं काहीतरी फेकतायत. बघणाऱ्याला कळत नाही की हा गोल्फचाच प्रकार आहे की वेगळाच खेळ, आणि एवढी मोठी जागा ताटल्या फेकायला कशाला लागते. मी काही वर्षं अशाच एका मैदानावर खेळतेय जे आधी रीतसर गोल्फचं होतं, त्यामुळे हे प्रश्न मला सारखे विचारले जातात. उत्तर लांबलचक आहे, म्हणून एकदाच नीट लिहून काढलं.

आधी खेळ समजून घेऊ

गोल्फमध्ये काय असतं? छोटा बॉल, काठी आणि लांबवर जमिनीत एक भोक, जेमतेम १०.८ सेंटिमीटर रुंदीचं. कमीत कमी फटक्यांत बॉल त्यात घालायचा. डिस्क गोल्फमध्ये काठीऐवजी तुमचा हात, बॉलऐवजी डिस्क आणि भोकाऐवजी बास्केट, म्हणजे खांबावर कमरेच्या आसपास बसवलेली जाळीची टोपली आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. डिस्क साखळ्यांवर आपटते, तिचा जोर तिथंच मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. पहिला थ्रो टीवरून, म्हणजे ठरलेल्या सुरुवातीच्या जागेवरून, मग डिस्क जिथं पडेल तिथून पुढचा, असं करत बास्केटपर्यंत पोचायचं. एका होलला, म्हणजे टीपासून बास्केटपर्यंतच्या एका टप्प्याला, किती थ्रो लागायला हवेत त्याचा ठरलेला आकडा म्हणजे पार, त्यापेक्षा एक कमी लागला की बर्डी, एक जास्त लागला की बोगी, हे सगळं गोल्फमधूनच आलंय. जमिनीत भोक नसलं तरी म्हणतात होलच, आणि पूर्ण राउंड बहुतेक ठिकाणी १८ होलचा.

डिस्क म्हणजे बीचवर खेळतात ती फ्रिसबी नव्हे हां. ही लहान असते, साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची, पण चांगली जड, १७० ते १७५ ग्रॅमची तर सर्रास मिळते, आणि हातात घेतली की फरक लगेच कळतो कारण हिची कड निमुळती असते. जेवढी कड निमुळती तेवढी ती हवा कापत लांब जाते आणि तेवढीच सांभाळायला अवघड. लांब जाणारी ती ड्रायव्हर, मधल्या अंतराची मिडरेंज आणि बास्केटजवळ वापरायची बोथट कडेची ती पटर. एवढी तीन नावं लक्षात ठेवली की पुढचं सगळं समजेल.

हा खेळ आजच्या रूपात आणला एड हेड्रिक यांनी. ते व्हॅम-ओ या फ्रिसबी बनवणाऱ्या कंपनीत होते, फ्रिसबी स्थिर उडावी म्हणून तिच्यात केलेल्या सुधारणांचं पेटंट त्यांच्या नावावर आहे. १९७५ साली त्यांनी कॅलिफोर्नियात पॅसाडीनाजवळ ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला, १९७६ मध्ये खेळाची संघटना काढली, आणि साखळ्यांची बास्केट ही कल्पनाही त्यांचीच. त्याआधी लोक झाडांवर, खांबांवर नेम धरायचे आणि डिस्क लागली की नाही यावरून वाद व्हायचे. साखळीचा खणखण आवाज आला आणि डिस्क टोपलीत बसली की वादाला जागाच नाही. हेड्रिक २००२ साली गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या.

डिस्क सरळ का जात नाही

हे समजलं नाही तर गोल्फचं मैदान या खेळाला कुठं सोयीचं आणि कुठं गैरसोयीचं ते कळणारच नाही, म्हणून जरा थांबून बघू.

डिस्क उडते कारण ती पुढं जाताना हवा तिला खालून उचलते, पण ती पालथी होत नाही याचं कारण तिची गिरकी. भोवरा फिरत असतो तोवर उभा, थांबला की आडवा, तेच इथं. आता फिरणाऱ्या वस्तूची एक गंमत असते, तिला तुम्ही एका बाजूला कलंडवायला गेलात तर ती त्या बाजूला न कलंडता काटकोनातल्या बाजूला कलते. डिस्कला हवा पुढून ढकलते, ती कलते मात्र कडेला. उजव्या हाताने बॅकहँड फेकली, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, तर सुरुवातीला वेग भरपूर असताना ती उजवीकडे कलू बघते आणि शेवटी वेग उतरला की हमखास डावीकडे वळत खाली येते. किती कलणार, किती वळणार हे डिस्कच्या आकारावर ठरलेलं असतं, म्हणूनच खेळाडू पाठीवरच्या बॅगेत पंधरा-वीस डिस्क घेऊन फिरतात.

वारा आला की हिशोब बदलतो. समोरून वारा असेल तर डिस्कला हवा जास्त वेगाने लागते, म्हणजे तुम्ही जितक्या जोरात फेकली त्यापेक्षा जोरात फेकल्यासारखी ती वागते, वर उचलली जाते आणि उजवीकडे पलटी खाते. मागून वारा असेल तर उलटं, उचल कमी मिळते आणि ती लवकर डावीकडे वळून खाली बसते. नव्या माणसाला वाटतं मागचा वारा म्हणजे फुकटचं अंतर, तसं दरवेळी होत नाही. छत्री घेऊन वाऱ्यात चाललेल्या माणसाला हे लगेच पटेल, तिरकेपणा थोडा जरी चुकला तरी छत्री कुठल्या कुठं ओढत नेते.

म्हणजे डिस्क गोल्फची मजा वळणात आहे. झाडामागून वळवून टाकायची, दोन खोडांच्या मधून काढायची, फांदीखालून सरपटवायची. आणि गोल्फ कोर्स कसा असतो? मोकळा. अडचण सुरू होते ती इथून.

पण गोल्फची मैदानं रिकामी का होतायत?

१८ होलच्या गोल्फ कोर्सला साधारण १२० ते १८० एकर जमीन लागते, आणि ती नुसती असून भागत नाही, रोज सांभाळावी लागते. गोल्फचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचा गुळगुळीत हिरवळीचा तुकडा, तिथलं गवत जेमतेम ३ मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं. एवढं खुरटं ठेवलेलं गवत सतत आजाराच्या उंबरठ्यावर असतं, मग औषधं मारा, खत द्या, पाणी द्या, रोज मशीन फिरवा. खेळणारे थोडे कमी झाले तरी खर्च तेवढाच राहतो. अमेरिकेत २००६ पासून बरीच वर्षं दरवर्षी जेवढे गोल्फ कोर्स उघडले त्यापेक्षा जास्त बंद झाले, कारण त्याआधीच्या काळात घरांच्या वसाहतींना शोभा म्हणून गरजेपेक्षा जास्त बांधून ठेवले होते. २०२० नंतर गोल्फला पुन्हा गर्दी झाली हेही खरं आहे, म्हणून गोल्फ संपला असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. एवढंच की काही मैदानांचा हिशोब कधीच जुळत नव्हता.

डिस्क गोल्फला ३ मिलिमीटरचं गवत नको, साधी कापणी चालते, पाणी निसर्ग देईल तेवढं पुरतं. बास्केटची किंमत काही शे डॉलरमध्ये आहे, म्हणजे १८ बास्केट मिळून जो खर्च येतो त्यात गोल्फचं एक ग्रीनसुद्धा नव्याने बांधून होणार नाही. जागाही कमी लागते, छोटा कोर्स होलमागे एकरभर जमिनीत बसतो. त्यामुळे बंद पडलेली जमीन हातात असलेल्याला हा पर्याय आकर्षक वाटतो, आणि नको तिथं घाईही इथंच होते.

नुसत्या बास्केट रोवल्या की झालं, असं नाही

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे जिथं गोल्फची टी होती तिथं डिस्कची टी, जिथं झेंडा होता तिथं बास्केट. हे का चुकतं तर अंतरामुळे. गोल्फचा मधला होल साधारण ३५० मीटरचा असतो. हौशी माणसाची डिस्क ६० ते ९० मीटर जाते. म्हणजे सपाट हिरवळीवर सरळ रेषेत चार-पाच वेळा तीच फेक, कुठं वळवायचं नाही, कुठं विचार करायचा नाही. जगातली सगळ्यात लांब फेक ३३८ मीटरची आहे, २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनिअर यांची, आणि ती वाळवंटात वाऱ्याच्या मदतीने झालेली. म्हणजे विक्रमी फेकसुद्धा तो एक होल पूर्ण करणार नाही!

चांगला आखणारा माणूस जुन्या खुणा बाजूला ठेवतो आणि जमीन पायी फिरून बघतो. गोल्फच्या दोन फेअरवेंच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या लांब पट्ट्यांच्या मधे जी झाडांची रांग असते ना, गोल्फवाले तिच्यापासून लांब राहायला बघतात, पण डिस्क गोल्फचं खरं मैदान तिथंच आहे. मग होल पट्ट्याच्या लांबीत न टाकता आडवे टाकायचे, एका पट्ट्यातून सुरू करून झाडांच्या फटीतून दुसऱ्यात संपवायचे. गोल्फच्या एका लांब होलमध्ये डिस्कचे दोन, कधी तीन होल सुद्धा निघतात.

झाडं नसतीलच तर काय करतात? दोऱ्या लावतात. दोरीच्या पलीकडे डिस्क गेली की ती आउट ऑफ बाउंड्स आणि एक थ्रोचा दंड, खेळाडू त्याला नुसतं ओबी म्हणतात. मोठ्या स्पर्धांमध्ये मोकळ्या गोल्फ कोर्सवर हे भरपूर करतात आणि खेळाडूंमध्ये यावरून चांगलेच दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर दोरी ही तात्पुरती सोय आहे. झाड तुम्हाला उडणारी डिस्क अडवून सांगतं की चुकलं, दोरी मात्र डिस्क पडल्यावर सांगते, आणि दोन इंचांनी पलीकडे पडली तर का दंड हे मनाला पटत नाही. पहिल्याच वर्षी रोपं लावली तर दहा वर्षांनी दोरी काढता येते, लावलीच नाहीत तर दोरी कायमची.

टीचाही प्रश्न असतो. गोल्फमध्ये माणूस जागेवर उभा राहून मारतो म्हणून गवताची टी चालते. डिस्क फेकताना पाय एकामागून एक ओलांडत तीन-चार पावलं पळत येतात आणि शेवटच्या पायावर अख्खं अंग फिरतं. ओल्या गवतावर तो पाय घसरला की गुडघा गेलाच म्हणून समजा. आमच्या मैदानावर पहिलं वर्षभर गवताच्याच टी होत्या, दर टीवर पुढच्या पायाच्या जागी वीतभर लांबीचा चिखलाचा खड्डा पडलेला असायचा आणि प्रत्येक जण तो चुकवायला वाकडा पळायचा. मग कृत्रिम गवताच्या पट्ट्या आल्या आणि खेळच बदलला. बाकी काही करायला पैसे नसले तरी टी आधी करा, असं मी कोणालाही सांगेन.

जुन्या ग्रीनचं आणि बंकरचं काय होतं

माझ्या मते गोल्फच्या जुन्या जमिनीने डिस्क गोल्फला दिलेली सगळ्यात चांगली गोष्ट ही आहे. गोल्फचं ग्रीन म्हणजे नुसती हिरवळ नव्हे, नीट बांधलेलं असेल तर खाली खडीचा थर, त्यावर ३० सेंटिमीटर वाळूमिश्रित माती, पाणी झरझर निघून जावं म्हणून. बऱ्याच ठिकाणी ते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आणि कडेला उतरतं केलेलं असतं, आणि या उताराच्या खाली बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा.

आता या उंचवट्याच्या कडेला बास्केट लावा. दहा मीटरवरून पटर टाकली, साखळीला घासून बाहेर गेली, सपाट जमीन असती तर दोन मीटरवर पडून राहिली असती. इथं ती कडेवर उभी पडते आणि नाणं घरंगळतं तशी चाकासारखी चालायला लागते, आधी हळू, उतार लागला की जोरात, आणि बंकरच्या वाळूत जाऊन आडवी होते. एक सोपा थ्रो चुकला आणि आता वीस मीटर खालून वर फेकायचंय. मग पुढच्या वेळी तुम्ही दहा मीटरवरून सुद्धा विचार करता, टाकू की नुसती जवळ नेऊन ठेवू. हा विचार करायला लावणं म्हणजेच चांगला होल.

बंकरला बऱ्याचदा हझार्ड ठरवतात, म्हणजे एक थ्रोचा दंड पण डिस्क पडली तिथूनच खेळायचं. तळी मात्र ओबी, आणि बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. आत मागच्या बाजूला नाव आणि फोन नंबर लिहून ठेवायची पद्धत त्यासाठीच आहे, तळं आटल्यावर कोणाला तरी सापडते आणि फोन येतो.

असं खरंच कुठं झालंय का?

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात क्लिअरवॉटर इथं केल लेविस्का या व्यावसायिक खेळाडूने बंद पडलेल्या ईगल ट्रेस गोल्फ कोर्सच्या जमिनीवर डिस्क गोल्फचं मैदान उभं केलं आणि २०२० मध्ये तिथं प्रो टूरची, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या मालिकेतली, स्पर्धाही झाली. जुना गोल्फ कोर्स पूर्णपणे डिस्कसाठी देणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर तिथले व्हिडिओ बघा.

दुसरा प्रकार म्हणजे गोल्फ चालू ठेवून ठरावीक दिवस डिस्कला द्यायचे. लास वेगासजवळ हेंडरसनमधल्या वाइल्डहॉर्स गोल्फ क्लबवर अशी मोठी स्पर्धा व्हायची, मोकळं मैदान, वारा, तळी आणि दोऱ्या. त्याच्या अगदी उलट अमेरिकेतल्याच ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमधला ग्लेनडोव्हीर, तो सार्वजनिक गोल्फ कोर्स आहे पण तिथं उंचच उंच सूचिपर्णी झाडं आहेत, त्यामुळे गोल्फचं मैदान असूनही डिस्क वळवावी लागते. दोन्हीकडचे सामने पाठोपाठ बघितले की झाडांबद्दल मी एवढं का बोलतेय ते समजेल.

मग गोल्फवाल्यांनी जायचं कुठं?

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. ज्या माणसाने तीस वर्षं त्याच मैदानावर बॉल मारला त्याला तिथं साखळ्या बघून वाईट वाटणारच. पण प्रश्न असा विचारायला हवा की डिस्क गोल्फ आलं नसतं तर तिथं काय आलं असतं. चालू असलेलं, भरलेलं मैदान कोणी डिस्कसाठी बंद करत नाही, बंद पडलेलं तसंच ठेवलं तर तण माजतं किंवा घरं उभी राहतात. घरं झाली की ती जमीन कायमची गेली. बास्केट म्हणाल तर एका दिवसात उपटता येतात आणि खाली माती तशीच असते.

दोन्ही खेळ एकाच वेळी चालतील का

चालतात, पण आखणी फार जपून करावी लागते. कारण धोका दोन्हीकडून सारखा नाही. गोल्फचा बॉल ४६ ग्रॅमच्या आत असतो पण चांगल्या खेळाडूच्या काठीवरून सुटताना ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो आणि समोरून येताना दिसतही नाही. डिस्क त्याच्या निम्म्या वेगाने येते, दिसते, पण जड आहे आणि कड कडक, तोंडावर बसली तर टाके पडतातच. म्हणून दोन खेळांच्या वेळा वेगळ्या ठेवणं किंवा मैदानाचे भाग वेगळे करणं हेच बरं. आणि बास्केट गोल्फच्या चालू ग्रीनवर नाही, बाजूला लावायच्या, नाहीतर ते ३ मिलिमीटरचं गवत बुटांनी आठवड्यात खराब होईल.

नुसत्या डिस्कच्या मैदानावर सुद्धा नियम साधा आहे, पुढचा गट डिस्कच्या टप्प्यातून बाहेर पडल्याशिवाय फेकायचं नाही आणि चुकून कोणाच्या दिशेने गेलीच तर जोरात "फोर!" ओरडायचं. जुन्या गोल्फ कोर्सच्या मधून लोक फिरायला जायला लागतात हेही लक्षात ठेवा, त्यांना कळतच नाही की इथं काही उडतंय. पायवाट टीच्या मागून जाईल अशी आखली तर निम्मा प्रश्न सुटतो.

मातीत औषधं मुरलेली असतात म्हणे?

काही ठिकाणी हो. जुन्या काळी गोल्फच्या गवतावर आर्सेनिक आणि पारा असलेली औषधं मारली जायची, आणि हे जड धातू असल्यामुळे ते विरून जात नाहीत, मातीत राहतात, जास्त करून ग्रीन आणि टीच्या आसपास. म्हणून जुनी जमीन घेताना माती तपासून घ्यायलाच हवी, इथं काटकसर नको. डिस्क गोल्फसाठी खोदकाम फार कमी लागतं, बास्केटपुरते खड्डे आणि टी, त्यामुळे घरं बांधण्यापेक्षा माती कमी हलते. आणि नवीन औषधं मारणं थांबतं हे वेगळंच.

पण डिस्क गोल्फ निसर्गाला काहीच करत नाही असंही नाही. रोज शेकडो फेकी एकाच झाडाला लागल्या की साल सोलली जाते, कोवळं झाड मरतं. बास्केटभोवती सगळे तिथंच चालतात म्हणून माती घट्ट होते, गवत जातं, पावसात वाहून जाते. उपाय आहेत, प्रत्येक होलला बास्केटच्या दोन-तीन जागा करून फिरवत राहायच्या, महत्त्वाच्या खोडांना संरक्षण लावायचं. ज्या मैदानांवर हे केलं नाही ती पाच-सात वर्षांत ओळखू येतात.

पोरखेळ आहे का हा?

पॉल मॅकबेथ या खेळाडूने २०२१ मध्ये डिस्क बनवणाऱ्या डिस्क्राफ्ट कंपनीशी १० वर्षांचा, १ कोटी डॉलरचा करार केला. जगभरात १५ हजारांच्या वर कोर्स आहेत, बहुतेक फुकट, आणि लोकसंख्येच्या मानाने बघितलं तर आइसलँड आणि फिनलंड सगळ्यांच्या पुढं. तरी मला यातलं फुकट हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्या कुंपणाच्या आत वर्षाची फी भरल्याशिवाय जाता येत नव्हतं तिथं आता शाळेतली मुलगी एक पटर घेऊन संध्याकाळी खेळायला येते, तिच्यापुढं सत्तरीचे काका असतात आणि दोघं एकमेकांची डिस्क शोधायला मदत करतात. काही मैदानं थोडी फी घेतात, गवत कापायला आणि टी दुरुस्त करायला पैसे लागतातच, त्यात गैर काही नाही.

पहिल्यांदा जाणार असाल तर

ड्रायव्हर घेऊ नका. तुमच्या हातात अजून तेवढा वेग नसतो आणि ती डिस्क वेगाशिवाय लगेच डावीकडे कोसळते, मग वाटतं आपल्याला जमत नाही. एक पटर आणि एक मिडरेंज पुरे. जोर लावण्यापेक्षा डिस्क सपाट आणि भरपूर गिरकी देऊन सोडा. बास्केटपासून दहा मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर, आधीची डिस्क जिथं पडली होती त्या खुणेपुढं लगेच पाऊल टाकू नका, आधी तोल सावरलेला दिसला पाहिजे, हा नियम नवे लोक हमखास विसरतात.

आणि जुन्या गोल्फ कोर्सवर असाल तर बास्केटकडे जाण्याआधी उतार कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्या. लांबून ग्रीन सपाटच दिसतं. मी अजूनही प्रत्येक राउंडला एकदा वाकून गवताच्या पातळीवरून बघते, आणि उताराच्या खालच्या बाजूने वर टाकता येईल अशाच जागी डिस्क उतरवायचा प्रयत्न करते, तिथून चुकली तरी चढावर आपटते आणि थांबते.